झेनची कोइमतूर वारी

आषाढ लागला की अख्खा महाराष्ट्र पंढरपूरकडे तोंड करतो. आम्ही चौघांनी मात्र कोल्हापूर सोडलं ते दक्षिणेकडे तोंड करून. टोइंगच्या ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, सरकार, मिस्त्रीमामा आणि मी. पाठीवर चार पट्ट्यांनी आवळलेली आणि ताडपत्री पांघरलेली सरकारांची 1997 सालची झेन. ताडपत्री पावसासाठी होती. दारांच्या काचा काढून तिथं प्लास्टिक बसवल्यापासून गाडीत पाऊस येतो, आणि काचा काढल्या त्या वजन कमी व्हावं म्हणून. त्या ताडपत्रीचं वजन सगळ्या काचांपेक्षा जास्त होतं, पण ते हिशेबात धरायचं नसतं असं मला सांगण्यात आलं.

सरकार माझा शाळेपासूनचा दोस्त. ही पदवी कोल्हापुरात शासन देत नाही, चहाच्या गाड्यावर मिळते. थोडा ऊस, हायवेला एक पेट्रोल पंप आणि बोलण्यात थोडी घाई एवढ्यावर ती टिकते. त्यानं ही झेन एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा ती चालत होती, एसी गार करत होता, टेप वाजत होता. पुढच्या दोन वर्षांत सरकारनं एसी काढला, टेप काढला, मागची सीट, गालिचे, दारांची आतली कव्हरं, हीटर, डॅशबोर्ड आणि त्याच्याबरोबर पेट्रोलचा काटाही काढला. शिवाजी उद्यमनगरातून पाइप वाकवून आणून आत पिंजरा जोडला. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं. वहिनींचं या सगळ्यावर एकच म्हणणं होतं, की लोक पैसे घालून गाडीत काहीतरी बसवतात, आमच्याकडे पैसे घालून काढतात.

ज्यांना झेन आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1993 साली ती आली तेव्हा मारुती 800 मधून उतरून तिच्यात बसणाऱ्याला आपण एकदम परदेशात आलो असं वाटायचं. 993 सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, 50 घोड्यांची ताकद. आज पन्नास घोड्यांना कुणी विचारत नाही. पण गाडी साडेसातशे किलोच्या आसपास, बुटकी, रस्त्याला चिकटून चालणारी, आणि इंजिन असं की वर फिरवत नेलं की खुलायचं. युरोपात ती आल्टो या नावानं विकली गेली. 2006 साली ती बंद झाली आणि त्या दिवसापासून तिच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला भेटलेला नाही. बंद पडलेल्या गाड्यांना आपल्याकडे दिवंगतांचा नियम लागू होतो.

आम्ही निघालो होतो ट्रॅक डेला. म्हणजे फी भरायची, आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर आणायची आणि दिवसभर वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी पळवायची. मधल्या वेळेत स्क्रू पिळायचे आणि पुन्हा पळवायची.

"बक्षीस?" वहिनींनी विचारलं होतं.

"न्हाई. रेस नसती ही."

"मग हरवायचं कुणाला?"

"घड्याळाला," सरकार म्हणाला.

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि भडंगाचा डबा भरायला घेतला.

माझी नेमणूक घड्याळावरच झाली होती. "तू लिहितोस न्हवं? मग आकडे लिही," एवढ्या मुलाखतीवर. एक स्टॉपवॉच, एक शंभरपानी वही. पूर्वी हे काम सरकारच्या भाच्याकडे होतं, पण तो आकडे खरे लिहायचा.

*

टोइंगच्या ट्रकवर गाडी असली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तुमचा सोयरा होतो. निपाणीच्या पुढं तवंदीचा घाट चढून चहाला थांबलो, तर चहावाल्यानं ताडपत्रीचा कोपरा उचलून आत बघितलं. बंपर नाही, हेडलाइटवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या, आत नुसते पाइप. त्यानं जीभ चुकचुकवली. "कुठं ठोकली?"

सरकारनं त्याला रेसिंग समजावून सांगितलं. चहावाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असू दे. माणसं वाचली हे महत्त्वाचं."

धारवाडला हेच झालं. हुबळीच्या पुढं एका पंक्चरवाल्यानं इन्शुरन्सचा क्लेम कसा बसवायचा ते कानडी-हिंदीत सांगितलं. हिरियूरजवळ एक भंगारवाला मोटरसायकल आडवी घालून भाव सांगायला आला. भाव बरा होता, ही गोष्ट सरकारच्या मनाला जास्त लागली. पण खरी गंमत त्याआधीच दावणगेऱ्यात होऊन गेली होती. तिथं आम्ही बेण्णे डोसे खात होतो. लोणी असं की डोसा उचलला तर बोटांतून निसटतो. हॉटेलमालकानं बाहेर गाडी बघून तोच प्रश्न विचारला, आणि सकाळपासून गप्प बसलेल्या मिस्त्रीमामांचा धीर सुटला. "व्हय," ते म्हणाले, "लई वाईट झालं." मालकानं चहाचे पैसे घेतले नाहीत. केबिनमध्ये चढताना मामांनी आम्हाला समज दिली: "खरं सांगून काय मिळालं आजपातुर? डोशाच्या आधी सांगायला पायजे हुतं."

मिस्त्रीमामा साठीचे आहेत. आयुष्य उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या आवाजात गेल्यामुळे ते कमी ऐकतात, पण इंजिनात टॅपेट वाजत असेल तर शेजारच्या गल्लीतून सांगतात. रात्री तुमकूर गेलं, बंगळुरू बाहेरून गेलं, कृष्णगिरीनंतर आम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यावर झोपलो. ड्रायव्हर आणि मामा तेवढे जागे होते. धर्मपुरी आणि सेलमच्या मधे तोप्पूरचा घाट लागतो, आणि भरलेले ट्रक तो खालच्या गिअरमध्ये धरून उतरतात. मामा प्रत्येक ट्रकचा आवाज ऐकून निदान करत होते. "ह्येचा क्लच गेलाय. ह्यो बरा हाय. ह्येच्या बायकोनं वाट बघू ने." भवानीला कावेरी ओलांडली तेव्हा उजाडत होतं.

कोल्हापुरातून निघताना बनियनपर्यंत भिजलेलो आम्ही कोइमतूरला कोरडे पोचलो. हे गाव सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत आहे. पण त्या डोंगराच्या भिंतीला पालघाटापाशी एक खिंड आहे, आणि पावसाळ्यात अरबी समुद्रावरचा वारा त्या खिंडीतून सुटतो तो थेट इथं. पल्लडम, उडुमलपेट या बाजूला पवनचक्क्यांचं रान उभं आहे ते त्या वाऱ्याच्या जिवावर. या वाऱ्याचं पुढं काय झालं ते येईलच.

कोइमतूर मामांना पाहिल्याबरोबर पटलं. कोल्हापूरला फाउंड्र्या, इथंही फाउंड्र्या. कोल्हापूरला ऑइल इंजिन, इथं पंप आणि मोटारी. "ह्या गावचा पंप माझ्या मेव्हण्याच्या हिरीत हाय," एवढ्यावर त्यांनी गावाशी नातं जोडलं. ट्रॅकचा दिवस उद्याचा होता, म्हणून संध्याकाळी त्यांना अविनाशी रोडवरच्या गेडी कार म्युझियमला नेलं. जी. डी. नायडू हे इथलं मोठं नाव. शाळेत फारसे न रमलेले, आणि पुढं 1937 साली देशात इलेक्ट्रिक मोटार बनवणारे. त्यांच्या नावानं हे संग्रहालय 2015 साली उघडलं. आत जुन्या परदेशी गाड्या आरशासारख्या पुसून ठेवलेल्या. लोक गाडीसमोर उभे राहून फोटो काढतात. मामा प्रत्येक गाडीपाशी गुडघ्यावर बसून खालून बघायचे. रखवालदार आमच्याबरोबर शेवटपर्यंत चालत राहिला, आणि शेवटी तोही खाली वाकून बघायला लागला.

*

आमचा ट्रॅक, करी मोटर स्पीडवे, कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला आहे. एस. करिवर्धन यांच्या नावावरून हे नाव. गिरणीमालकाच्या घरातला हा माणूस स्वतः रेस करायचा आणि रेसच्या गाड्या बनवायचा. 1988 च्या सुमाराला त्यांनी मारुती 800 चं इंजिन घालून एकट्या माणसाची, उघड्या चाकांची गाडी तयार केली, आणि त्या फॉर्म्युला मारुतीमुळे पुढची कितीतरी पोरं रेसिंगला लागली. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, कोइमतूरचाच. करिवर्धन 1995 साली विमान अपघातात गेले. हे सगळं सरकारला पाठ आहे, आणि यातून तो जो निष्कर्ष काढतो तो असा, की 796 सीसीवर जर एवढं झालं तर आपल्याकडे 993 आहे.

ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, सपाट आणि वळणावळणांचा. अशा ट्रॅकवर नुसत्या घोड्यांचं फार चालत नाही, म्हणून जुन्या हलक्या गाडीला इथं थोडी इज्जत मिळते. थोडीच. आमच्या डाव्या हाताच्या पिटमध्ये टर्बोवाली जर्मन हॅचबॅक होती आणि तिच्याबरोबर लॅपटॉप उघडून बसलेली तीन पोरं. उजव्या हाताला एक जुनी एस्टीम आणि सत्तरीचे एक गृहस्थ, स्टुलावर बसून फिल्टर कॉफी पीत होते. सगळा पिट त्यांना अण्णा म्हणत होता, आम्हीही म्हणू लागलो.

तपासणीत पिंजरा पास, हेल्मेट पास, टोचनाचा हूक पास. नापास झाली ती मामांची कोल्हापुरी चप्पल. पिटमध्ये पायभर बूट लागतात. शाहू महाराजांपासूनचा मान वगैरे सांगून झालं, तरी तपासनीस ऐकेना. शेवटी ड्रायव्हरचे गमबूट मामांना चढवले. दोन साइझ मोठे. दिवसभर ते आधी बुटात चालायचे आणि मग बूट चालायचे.

मग झेंड्यांची शिकवणी झाली. पिवळा म्हणजे पुढं गडबड आहे, सावकाश. लाल म्हणजे सगळं थांबवा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. सरकारनं निळा नीट पाठ केला.

पहिली पाळी झाली. वहीत पहिला आकडा पडला: 1 मिनिट 34.6 सेकंद. सरकार हेल्मेट काढत आला तो तक्रार घेऊनच. "नाक बाहेर टाकतीया. स्टेअरिंग वळवतोय, गाडी सरळ चाललीया." पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं हे जुनं दुखणं. त्याच दोन चाकांनी ओढायचं, त्यांनीच वळायचं आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांनीच घ्यायचा. मागची दोन सोबतीला येतात. अशा वेळी पकड पुढं वाढवायची किंवा मागची कमी करायची, आणि दोन्हीचे शंभर रस्ते आहेत.

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि बोटं वर करून सावकाश इंग्रजीत सांगितलं, की या धंद्यात नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा, पळवायचं, घड्याळ बघायचं. मगच दुसरा. नाहीतर कशानं काय झालं ते देवालाही कळत नाही.

"बरोबर हाय," गाडीखालून आवाज आला. मामांनी तोपर्यंत मागच्या चाकांत हवा वाढवली होती, पुढच्यात कमी केली होती आणि प्लग काढायला घेतले होते.

मी वहीत रकाने आखले होते: पाळी, बदल, वेळ. दुसऱ्या पाळीपाशीच बदलाचा रकाना भरून समासात गेला. हवेचं म्हणाल तर ती गार टायरमध्ये भरून भागत नाही. पळून टायर तापले की पाच-सहा पौंडांनी चढते, म्हणून गाडी आत आल्याआल्या मोजायची. तापमानही मोजायचं, टायरच्या आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला. बाहेरची कड फार तापली असेल तर गाडी वळणात टायरच्या खांद्यावर लोळतेय, चाक वरून आत कलवायला हवं. यासाठी सरकारनं घरून एक यंत्र आणलं होतं. करोनात पंपावर ग्राहकांच्या कपाळाला लावायचे ते. मामांनी ते टायरला लावलं. पडद्यावर अक्षरं उमटली: हाय.

"नमस्कार घालतंय," मामा म्हणाले.

"ताप हाय, ताप," सरकार म्हणाला. "त्रेचाळीसच्या वर त्याला मोजताच येत न्हाई."

अण्णांनी न बोलता आपलं यंत्र पुढं केलं. आत 66, मधे 74, बाहेर 85. पोरांनी लॅपटॉपवर काहीतरी गणित केलं आणि सांगितलं, अजून दोन अंश कल हवा. मामांना अंश नको होते. शॉकॲब्सॉर्बर चाकाच्या सांध्याला जिथं दोन बोल्टांनी बसतो, त्यातलं वरचं भोक कानशीनं लांबट करायचं म्हणजे चाक आत झुकवता येतं. ते काम त्यांनी आधीच उद्यमनगरात करून ठेवलं होतं, फक्त सांगितलं नव्हतं. आता कल मोजायला त्यांनी पिशवीतून गवंड्याचा ओळंबा काढला. तेरा इंची रिमवर दोन अंश म्हणजे दोरी आणि रिम यांच्यात साधारण बारा मिलिमीटरचा फरक. तो त्यांनी बोटानं मोजला. एका पोरानं खात्री म्हणून मोबाइल लावून बघितला. एक पूर्णांक नऊ दशांश. त्यानंतर ती पोरं लॅपटॉप मिटून आमच्याकडेच बसायला आली.

पण चाक कलवलं की त्याची दिशाही हलते. मग गाडीच्या दोन्ही अंगांना सुतळी ताणून चाकं पुन्हा सरळ केली. सुतळीला वारा लागत होता, म्हणून तिचं एक टोक ड्रायव्हरनं धरलं. त्याच वेळी सरकारनं कुणाला न सांगता पुढचे ब्रेक पॅड बदलले.

तिसरी पाळी: 1 मिनिट 33.1. चढाओढ लागली. सरकार म्हणाला पॅड. मामा म्हणाले कल. पोरं म्हणाली हवा. अण्णा नुसते आढ्याकडे बघत होते. मी वारा पडल्याचं बोललो. खरंच पडला होता. 50 घोड्यांच्या गाडीला समोरचा वारा म्हणजे सहाव्या माणसाला आत बसवणं. माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही, कारण वारा पिशवीतून आणता येत नाही.

चौथ्या पाळीत सरकार दोन फेऱ्यांतच आत आला. ब्रेकचं पेडल खाली जात होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आमचं ऑइल कोल्हापुरात सगळा ज्येष्ठ ती शोषत बसलं होतं. कोरडं डॉट-4 ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेसं पाणी मुरलं की ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की आत वाफ धरते, वाफ दाबली जाते आणि चाक मोकळंच राहतं. जुनं ऑइल काढलं, सीलबंद डबा फोडला आणि हवा काढायला बसलो. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल सैल करायचं. "दाब... धर... सोड." या कार्यक्रमात पिटमधल्या सगळ्या भाषांची एकी झाली. अण्णा पेडलवर बसले. हवा काढता काढता मामांनी प्लग बघितले. बिस्किटी रंग हवा, ते पांढरट निघाले, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. कोल्हापूर कोइमतूरपेक्षा उंचावर, इथली हवा दाट, म्हणून कार्ब्युरेटरची जेट एक नंबर मोठी हवी, असं मामांचं मत. दीडशे मीटरनं किती फरक पडणार, असं एका पोरानं विचारलं. मामांनी तेवढ्यात जेट बदलूनही टाकली होती.

1 मिनिट 31.8.

आता सगळेच चढले. सरकारची लाइन सुधारली होती, तो वळणाच्या आत ब्रेक सोडत सोडत शिरायला लागला होता, आणि एका डाव्या वळणावर मागचं आतलं चाक जमिनीवरून चांगलं वीतभर उचललं जात होतं. पोरांनी त्याचे फोटो काढले. अशा गाडीचं ते चाक उचलणं चांगलं लक्षण असतं. पुढची दोन मन लावून काम करताहेत असा त्याचा अर्थ. मामांना ते पटलं नाही. चाराचे पैसे घेतल्यावर चारही चाकं जमिनीला लागली पाहिजेत, असं त्यांचं मत आहे.

शेवटच्या पाळीत 1 मिनिट 30.7 पडले. सरकारनं आत येऊन मला मिठी मारली. आणखी चार फेऱ्या मारतो म्हणून परत गेला आणि गाडी उजव्या वळणावर खोकायला लागली. सरळ पट्टीवर बरी, उजवीकडे वळली की गचके. पुढच्या फेरीत डावीकडेही. आत आणली.

"जेट. मोठी झाली," मामांनी लगेच स्वतःवर घेतलं आणि कार्ब्युरेटर खोलला. सरकारला कॉइलचा संशय होता. अण्णा म्हणाले पेट्रोल पंप, म्हणजे इंजिनावरचा. पोरांनी वायरी हलवून बघितल्या. अर्धा तास गाडीवर नऊ माणसं वाकली होती. ट्रकचा ड्रायव्हर, जो कोल्हापुरापासून फक्त जेवणाच्या वेळी बोलला होता, तो भडंग खात खात आला आणि टाकीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली. टण.

"तेल टाका की," तो म्हणाला.

हायवेला स्वतःचा पंप असलेल्या माणसाची गाडी पेट्रोल संपून बंद पडली होती. कोल्हापुरातून निघताना त्यानं पस्तीस लिटरची टाकी काठोकाठ भरली होती, फुकटच होतं म्हणून. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरा, म्हणजे सकाळी गाडीत पंचवीसेक किलो जास्त होते आणि ते दिवसभर फेरीगणिक उतरत गेले. काचा काढून वाचवले त्यापेक्षा किती तरी जास्त. मी वहीत एक नवा रकाना आखायला घेतला तर मामांनी पेन धरलं. "ते कशाला लिवताय? कल लिवा."

अण्णांचं हसू दिवसातून पहिल्यांदाच वर आलं. त्यांनी सरकारला बोटानं बोलावून आपल्या शेडच्या मागं नेलं. दोघं बराच वेळ आले नाहीत. आले ते एक हातगाडी ढकलत, आणि तिच्यावर पोत्यात गुंडाळलेलं एस्टीमचं इंजिन, 1298 सीसीचं. झेनमध्ये ते बसतं, थोडंफार कापाकापी केली की.

"अरे, अण्णा काय सांगत होते सकाळपासून?" मी म्हणालो. "एका वेळी एकच बदल."

"एकच हाय की," सरकार म्हणाला. "धर त्या बाजूनं."